ऑल्डरविकचे दाऊदभाई

दाऊदभाई मुकादमांनी माझ्या मुलाला एकदा एकाच बुटावर रस्त्यात सोडलं होतं. सुधीर दुसरा बूट हातात घेऊन जिना उतरला, व्हॅनपासून चार पावलांवर पोचला, आणि या माणसाने मनगटाकडे बघून शिट्टी वाजवली. व्हॅन सुटली. सहा चाळीस झाले होते. मी गॅलरीतून ओरडले, तर चालत्या व्हॅनच्या खिडकीतून मान बाहेर काढून मलाच म्हणतात, "ताई, घड्याळ बघा, तोंड नको!"

बहारीनला उम्म अल हस्सममध्ये आमची तीन मजल्यांची बिल्डिंग होती. बिल्डिंगमधल्या पुरुषांनी कामावर जायला एक व्हॅन महिन्यावर ठरवली होती. कुट्टी नावाचा मल्याळी ड्रायव्हर ती चालवायचा. दाऊदभाई आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत आणि एका लाकडाच्या वखारीत स्टोअरकीपर होते. त्यांना व्हॅनचा गार्ड कुणी नेमलं नव्हतं. ते स्वतःच झाले. शिट्टीही स्वतःच्या पैशाने आणली. एकदा तर वखारीचा मॅनेजर आमच्याकडे पाहुणा होता, त्यालासुद्धा मागे टाकून गेले. मॅनेजर टॅक्सीने गेला. दाऊदभाई संध्याकाळी म्हणाले, "ऑल्डरविकला आम्ही मेयरला सोडलेला हाय. हा कोण?"

आता ऑल्डरविक काय ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही.

दाऊदभाई खेड तालुक्यातले, मी महाडची. आमच्या दोघांच्या मुलखात तेव्हा रेल्वे नव्हती, रूळ टाकायचं नुसतं बोलणं चाललं होतं. बहारीनमध्ये तर रेल्वे नाहीच. अख्खा देश मोटारीने तासाभरात संपतो. आणि या माणसाच्या तोंडी उठताबसता रेल्वे, तीही एकाच स्टेशनची. ऑल्डरविक हे विलायतेतलं लहानसं गाव. एका गाववाल्याच्या ओळखीने दाऊदभाई तरुणपणी बोटीने तिकडे गेले आणि त्या स्टेशनवर अकरा वर्षं हमाल होते. हमाल म्हटलेलं त्यांना चालत नसे.

"पोर्टर म्हणा ताई. हमाल ओझं उचलतो. पोर्टर स्टेशन उचलतो."

ते स्टेशन गावापासून मैलभर लांब होतं. का, तर रेल्वे आली तेव्हा तिथल्या जमीनदाराने सांगितलं की धुराने माझ्या मेंढ्या बिचकतील. म्हणून स्टेशन लांब बांधलं आणि पुढे सगळं गाव पिढ्यान्‌पिढ्या सामान घेऊन मैलभर चालत राहिलं. मेंढ्या बिचकल्या की नाही ते दाऊदभाईंना ठाऊक नव्हतं. मी विचारलं होतं.

दोन फलाट, मधे लोखंडी पूल. बायकांना बसायला वेगळी खोली, तिच्यात कोळशाची शेगडी. बुधवारी बाजाराची जादा गाडी, रविवारी सगळं बंद. सकाळच्या गाडीला दुधाचे हंडे, दुपारच्या गाडीला पार्सलं. हे सगळं मला तोंडपाठ झालं आहे. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही कशीबशी, पण ऑल्डरविकहून बंदराकडे जाणारी संध्याकाळची शेवटची गाडी किती वाजता सुटते ते मला आजही झोपेतून उठवून विचारा.

मला सगळ्यात पटली नाही ती कबुतरांची गोष्ट. लांबचे लोक शर्यतीची कबुतरं टोपलीत घालून रेल्वेने या स्टेशनवर पाठवत. दाऊदभाईंनी टोपली फलाटाच्या टोकाला न्यायची, झाकण उघडायचं, कबुतरं उडाली ती वेळ चिठ्ठीवर लिहायची आणि रिकामी टोपली पुढच्या गाडीने परत धाडायची. कबुतरं आपली उडत घरी.

"म्हणजे गोऱ्यांनी तुम्हाला एवढ्या लांब नेलं ते कबुतरं उडवायला?"

"उडतात ती आपली आपण, ताई. मी वेळ लिहायला होतो."

त्या अकरा वर्षांत ते घरी दोनदा आले. लग्न झालेलं होतं. बायको खेडला सासू-सासऱ्यांपाशी. ती बाळंतपणात गेली, मूलही गेलं. तार आली ती स्टेशनवरच आली. दुपारची गाडी फलाटाला लागत होती. दाऊदभाईंनी तार खिशात घातली, गाडी घेतली, पार्सलं उतरवली, हिरवं निशाण दाखवलं, गाडी गेल्यावर तार वाचली. हे त्यांनी मला गवार निवडता निवडता सांगितलं. मी म्हटलं, आधी वाचली असती तर? म्हणाले, "तर गाडी उशिरा सुटली असती." मला त्यांचा राग आला होता. असा कोरडा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि मी स्वतः काही ओली नाही.

पुढे त्या स्टेशनवर माणसं कमी केली. एक फलाट बंद झाला, शेगडी काढली. दाऊदभाई बहारीनला आले.

आमच्याकडे एकदा सत्यनारायण होता. पूजा पाचची सांगितली होती. भटजी बँकेत नोकरीला, ते साडेपाचला आले. दाऊदभाई पाचला आले, शिरा खाल्ला आणि पाच वाजून पाच मिनिटांनी गेले. नैवेद्य नंतर दाखवला. माझी सून नंदा हसून हसून लोळली. मी हसले नाही. सव्वा किलो रव्याचा शिरा, आणि देवाच्या आधी याचा घास.

असा हा माणूस. आता जानेवारीचं सांगते.

इराकने कुवेत घेऊन पाच महिने झाले होते. कुवेत सोडायची मुदत दिली होती आणि ती संपत आली होती. संपली की लढाई. आकाशात विमानांचे आवाज वाढले. लोकांनी काचांवर चिकटपट्ट्या लावल्या. कुणी म्हणे गॅस सोडणार, ओले टॉवेल दाराखाली लावा. दुकानांतून दूध पावडर आणि मेणबत्त्या खलास. माझी नात पिंकी सहा वर्षांची. तिला शाळेत टेबलाखाली बसायला शिकवलं. घरी येऊन मला शिकवायला लागली. "आजी, गेट डाउन!" माझे गुडघे काय टेबलाखाली जातात?

पण बिल्डिंगमधून कुणी हलेना. त्याला कारण होतं. आधी गेला तो भित्रा ठरणार, आणि कंपनी म्हणणार, कामाच्या वेळी पळाला. शिवाय सगळ्यांचे पासपोर्ट कंपन्यांच्या तिजोरीत. मागायला जायचं म्हणजे मुदीरच्या, तिथल्या अरब साहेबाच्या, तोंडावर सांगायचं की मी जातो किंवा माझी बायको जाते. प्रत्येक जण दुसऱ्याच्या दाराकडे बघत होता. बायका जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "तुमचं काय ठरलं?" "आमचं काही नाही. तुमचं?" असे आठ दिवस गेले. सुधीर गोदीत इंजिनियर. त्याला कंपनीने तिथेच राहायला सांगितलं होतं, घरी येऊ देत नव्हते. तो फोनवर म्हणायचा, "आई, तुम्ही तिघी जा." मी म्हणायची, "बाकीचे थांबलेत ना?"

मग एका संध्याकाळी दाऊदभाई जिन्याच्या मधल्या वळणावर उभे राहिले आणि शिट्टी वाजवून मोठ्याने म्हणाले, "मी चाललो. बॉम्बेचं तिकीट काढलं. शुक्रवार, पाचची फ्लाइट. ज्यांना यायचं असेल त्यांनी उद्या तिकीट काढा, व्हॅन मी ठरवतो."

त्यांच्यासारखा माणूस चालला म्हटल्यावर कुणाची लाज उरली नाही. दोन दिवसांत सात तिकिटं निघाली. मी, नंदा, पिंकी, खालची केरळची दोन मुलं आणि त्यांची आई, आणि दुसऱ्या मजल्यावरची गरोदर बाई. आठवे दाऊदभाई. व्हॅन आठ माणसांची. ते कागद घेऊन दारोदार फिरले. "दीड वाजता सुटणार. पुलावर मिलिटरी हाय, मुहर्रकला एअरपोर्टवर पोचायला किती लागेल सांगता येत नाय. चारला काउंटर बंद. दीड म्हणजे दीड."

शुक्रवारी सकाळी नंदा तिच्या क्लिनिकमध्ये गेली. ती तिथे लॅबमध्ये होती. पासपोर्ट तयार ठेवतो, शुक्रवारी घ्या, असं तिला सांगितलेलं. एक वाजता फोन आला. "आई, तिजोरीची किल्ली मुदीरकडे आहे आणि ते आलेच नाहीत. फोन उचलत नाहीत. मी इथे बसलेय."

मी म्हटलं, बस. आम्ही थांबतो.

खाली गेले तर व्हॅन उभी, सामान वर बांधलेलं. दाऊदभाई शर्टाची कॉलर बटणापर्यंत लावून, हातात फुगलेली बॅग. मी त्यांना सांगितलं.

त्यांनी घड्याळ बघितलं. "पंचवीस मिनिटं हायत."

"पंचवीस मिनिटांत ती येणार नाही. व्हॅन थांबवायची."

"थांबवायची नाय."

"दाऊदभाई, ती माझी सून आहे. पोरीची आई आहे."

"ताई, आत गरोदर बाई बसली हाय. दोन पोरं हायत. ती पण कुणाची तरी हायत."

कुट्टी स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता. वरून विमानं गेली, चार की पाच. दोन्ही मुलं आईच्या पदरात शिरली. पिंकीने मला विचारलं, "व्हेअर इज मम्मी?" मी म्हटलं येतेय. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं येतेय.

दीडला दोन मिनिटं असताना मी व्हॅनच्या दारात उभी राहिले. म्हटलं, मी हलत नाही, चालवा अंगावरून.

"ताई, बसा."

"तुम्हाला बायको-पोर असती ना, तर कळलं असतं."

त्यांच्या बायकोचं आणि मुलाचं मला ठाऊक होतं. ठाऊक असून बोलले. तेवढ्याकरताच बोलले.

दाऊदभाईंचा चेहरा हलला नाही. त्यांनी आपली बॅग उचलून माझ्या पायाशी व्हॅनमध्ये ठेवली, पिंकीला उचलून सीटवर बसवलं, माझा दंड धरून मला आत ढकललं, होय, ढकललंच, आणि दार लावलं. स्वतः बाहेर. शिट्टी वाजवली. कुट्टीने मागे वळून बघितलं, "भाई, आप?" ते ओरडले, "यल्ला, जा!" आणि व्हॅन सुटली. मागच्या काचेतून मला दिसलं, ते वळले आणि मोठ्या रस्त्याच्या दिशेने पळत गेले. साठीला टेकलेला माणूस, कॉलरचं बटण लावलेलं, पळतोय.

पुलावर एक तास गेला. एक शिपाई गाडीत डोकावून सगळ्यांची तोंडं बघून गेला. गरोदर बाई ओठ चावत होती. केरळची आई जप करत होती. पिंकीने आता विचारणं बंद केलं होतं, ते जास्त वाईट होतं.

विमानतळावर लोकच लोक. बाकीच्यांचं सामान गेलं. मी पिंकीचा हात धरून काउंटरला उभी. तिथल्या माणसाने हिंदीत विचारलं, "तुमच्या ग्रुपमधले अजून किती यायचे?"

"दोन. माझी सून आणि दाऊद मुकादम."

त्याने कागदावर बोट फिरवलं. सुनेचं नाव आहे म्हणाला. मुकादम नाही.

"नीट बघा."

त्याने नीट बघितलं. दुसरा कागद काढला, तोही बघितला. "या फ्लाइटला नाही, उद्याच्याही नाही. हे नाव नाहीच."

माझ्या डोक्यात काय काय आलं. हा माणूस खोटं बोलला. का बोलला? आणि माझी सून कुठे आहे, हा कुठे पळाला? त्यांची बॅग माझ्यापाशी होती. मी ती उचलली. एवढी फुगलेली बॅग, आणि हाताला वजन लागेना. तिथेच खाली बसून चेन उघडली. आत एक उशी होती. अभ्र्यासकट. दुसरं काही नाही.

पावणेचार झाले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "आजी, तुम्ही आणि मुलगी पुढे जा." मी म्हटलं, पोरीला आईशिवाय नेणार नाही. तो म्हणाला, मग तुमच्या सीटा मी दुसऱ्यांना देतो, रांगेत शंभर उभे आहेत. आणि रांगेतला एक सुटाबुटातला मराठी माणूस पुढे सरकून मला म्हणाला, "मावशी, लवकर काय ते ठरवा." त्याला मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

चारला आठ मिनिटं असताना नंदा आली. केस सुटलेले, हातात पासपोर्ट, पायात एकच धड चप्पल, दुसरीचा अंगठा तुटलेला. पिंकी तिला जाऊन अशी आदळली की दोघी पडता पडता वाचल्या. मी नंदाला म्हटलं, आधी काउंटर. मग रड.

विमान उडाल्यावर तिने सांगितलं. दाऊदभाई टॅक्सी घेऊन क्लिनिकमध्ये आले होते. पहारेकऱ्याकडून मुदीरच्या घराचा पत्ता काढला. मुदीर बुदैयाला राहणारा. तिथे गेले तर नोकर म्हणाला, साहेब जेवताहेत, मग झोपणार, उद्या या. दाऊदभाईंनी दारात उभं राहून शिट्टी वाजवली. थांबलेच नाहीत. कुत्री भुंकायला लागली, शेजारपाजारचे बाहेर आले, त्यांना वाटलं सायरनच झाला. मुदीर तोंडात घास घेऊन धावत आला. दाऊदभाई त्याला अरबीत म्हणाले, "किल्ली द्या, नाहीतर तुम्ही चला." तो तसाच सपातांवर टॅक्सीत बसला.

"येताना मी त्यांना म्हटलं," नंदा म्हणाली, "भाई, तुमची पण फ्लाइट चुकणार. तर म्हणाले, माझी कुठली? मी स्टाफ. स्टाफ गाडीत बसत नाय. पाशिंजर सगळे चढले का ते बघतो."

"तिकीटच नव्हतं त्यांचं," मी म्हटलं.

"मला सांगितलं त्यांनी. म्हणाले, मी जातो म्हटल्याशिवाय तुमच्यातलं कुणी उठलं नसतं. मी म्हटलं, मग खरंच का नाही काढलं? तर म्हणाले, उतरलो असतो तर घ्यायला कोण येणार होतं?"

मी खिडकीकडे तोंड केलं. ढगांशिवाय काही नव्हतं. उशी माझ्या मांडीवर होती. पिंकी तिच्यावर डोकं ठेवून झोपली.

महाडला पोचलो आणि लढाई सुरू झाली. सुधीरचा फोन आठवड्यातून एकदा लागायचा. फेब्रुवारी संपता संपता दाऊदभाईंचं एक पत्र आलं. अक्षर मोठं, उभं, स्टेशनच्या पाटीवर असतं तसं. मी अडखळत वाचते, पण हे मला सरळ वाचता आलं. खुशालीचा एक शब्द नव्हता. असं होतं:

"सोमवार. सायरन दोन वेळा. काचा शाबूत. किल्ल्या वॉचमनकडून घेतल्या. फ्लॅट तीन, तुळशीला पाणी दिलं. माझ्या हातचं चालतं का ते विचारायचं राहिलं. फ्लॅट सहा, काचेच्या पेटीतले मासे, एक मेला, बाकी ठीक. येणारे, कोणी नाही. जाणारे, कोणी नाही.

मंगळवार. सायरन एक. तुळशीला पाणी. मासे ठीक. येणारे, कोणी नाही. जाणारे, कोणी नाही."

असे बावीस दिवस. रोजच्या ओळीच्या शेवटी तेच. एका दिवशी सायरनच नव्हता, तुळशीचंही नव्हतं, बहुधा आजारी असावेत. तरी ती शेवटची ओळ होती.

फ्लॅट तीन आमचा. तुळस नंदाने लावलेली, मी तिला जन्मात कधी पाणी घातलं नव्हतं. आणि त्या वाळवंटात आता पुन्हा पाय ठेवायचा नाही असं मी सुधीरला दोनदा बजावलं होतं.

मी पोस्टाचं आंतरदेशीय पत्र आणलं. पोस्टमास्तर म्हणाला, आजी, परदेशी हे चालत नाही, निळं घ्या. निळं घेतलं. मला लांब लिहिता येत नाही. चार ओळी लिहायला अख्खी दुपार गेली, आणि नंदाला हात लावू दिला नाही.

"दाऊदभाई यांस. तुळशीला चालतं. मी त्या दिवशी बोलले ते वाईट बोलले. एप्रिलमध्ये आम्ही तिघी येतो. सुधीरला रजा असली तरी त्याला पाठवू नका. घ्यायला तुम्ही या."